माशी बांधणाऱ्याची कात्री

‘माश्या मारत बसणं’ हा आपल्याकडे रिकामटेकडेपणाचा पुरावा मानतात. मी बरीच वर्षं माश्या बांधत बसतो, आणि घरच्यांना या दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. तर आज माश्या बांधायच्या कात्रीविषयी बोलायचं आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्राउट नावाचा थंड पाण्यातला मासा वाहत्या ओढ्यातले किडे आणि पाण्यावर उतरणाऱ्या माश्या खातो. गळाला पिसं, केस आणि दोरा बांधून त्या किड्याची नक्कल करायची, ती म्हणजे ही ‘माशी’, इंग्रजीतली फ्लाय. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राउट इथे रुजवला. काश्मीर, हिमाचलातलं तीर्थनचं खोरं, बरोट, आणि दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नार इथे तो आजही आहे. महाराष्ट्रात नाही. पण महसीरसाठी, किंवा खाडीतल्या जिताड्यासाठी, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात त्याच्यासाठी, माश्या बांधणारे आपल्याकडे आहेत आणि त्यांनाही कात्री लागतेच.

हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. तो विणीचा हंगाम. म्हणजे चार महिने नदी माशांची, आणि आपण शेगडीजवळ बसून पुढच्या हंगामाच्या माश्या बांधायच्या. या चार महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ हातात काय असतं? शेगडा, म्हणजे गळ पकडणारा व्हाइस, टेबलाला लावलेला असतो, त्याला आपण हात लावत नाही. दोऱ्याची बॉबिन असते. आणि असते कात्री. नवीन माणूस शेगड्यावर आठ-दहा हजार खर्च करतो आणि कात्री शिवणाच्या डब्यातली घेतो. मला विचाराल तर उलटं करा. शेगडा कसाही चालतो. गळ घट्ट धरला म्हणजे त्याचं काम झालं.

हा पाहा १६ नंबरचा गळ. नंबर जसा वाढतो तसा गळ लहान होतो, हे नव्यांनी लक्षात ठेवा. याची दांडी सात मिलिमीटरच्या आसपास आहे. एवढ्या जागेत शेपूट, अंग, पंख आणि मानेभोवती कोंबड्याच्या पिसाचे दोन-तीन वेढे बसवायचे. पुढे नेढं आहे, सुईला असतं तसंच, त्यातून तंगूस ओवायचा. पीस गुंडाळून झालं की त्याचा उरलेला देठ कापायचा असतो, आणि तो देठ असतो नेमका तिथे, जिथे आपला कामाचा दोरा ताणून लटकतोय. दोघांत अंतर अर्धा मिलिमीटर. कात्रीचं टोक जाड असेल तर आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि देठाबरोबर दोराही कापला जातो. पंधरा मिनिटांचं काम उलगडून मांडीवर.

त्याहून वाईट म्हणजे देठ नीट न कापता थोडा ठेवणं. टेबलावर ते कळत नाही. नदीवर कळतं. संध्याकाळी उजेड जात असतो, पाण्यावर मासे उसळत असतात, हीच ती वीस मिनिटं असतात ज्यांच्यासाठी आपण दिवसभर चाललो, आणि माशीच्या नेढ्यात पिसाचा एक तुटका तंतू अडकलेला. तंगूस आत जात नाही. थंडीनं बोटं आखडलेली, चष्मा कपाळावर. तुम्ही नेढं उजेडाकडे धरून शिव्या घालत बसता तोवर मासे जेवून झोपायला गेलेले असतात. माझ्या मते माशीच्या कात्रीची परीक्षा ही एवढीच आहे: शेवटच्या दोन मिलिमीटरांनी ती काय करते.

म्हणून निवडताना आधी टोक बघा. दोन्ही पात्यांची टोकं सुईसारखी निमुळती होत जायला हवीत आणि बंद केल्यावर एकावर एक बसायला हवीत. एक पुढे, एक मागे असं नको. कात्री बंद करून उजेडासमोर धरा. पात्यांच्या मध्ये, खिळ्यापासून टोकापर्यंत, एक बारीक फट दिसेल. ती दोष नव्हे. चांगल्या कात्रीची पाती किंचित कमानदार असतात, त्यामुळे ती कापताना एका वेळी एकाच बिंदूवर भिडतात आणि तो बिंदू टोकाकडे सरकत जातो. टोकं मात्र भिडलेली हवीत. टोकाशीच फट असेल तर ती कात्री परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो.

मग खरी चाचणी. दुकानात जाताना खिशात तीन वस्तू न्या: दोऱ्याचं रीळ, कोंबडीवाल्याकडून मागून आणलेलं मानेचं एखादं पीस, आणि कागदी रुमाल. पिसाचा एकच तंतू सुटा करून फक्त टोकानं कापा. तंतू कापला गेला पाहिजे, पात्यांत दुमडता कामा नये. मग रुमाल थोडा ओला करून त्यात टोकानं चीर द्या. ओला रुमाल लबाडी खपवून घेत नाही, बोथट पातं त्याला चावतं आणि ओढतं. शेवटी एक कडी हातात धरून दुसरी सोडून द्या. ती धाडकन खाली पडली तर खिळा सैल आहे, हललीच नाही तर फार घट्ट. थोडी उतरून थांबली की समजा जमलं. खिळ्याऐवजी स्क्रू असेल तर उत्तमच, कारण तो पुढे घरी आवळता येतो.

दुकानदार कधी कधी लोहचुंबक काढतात, आणि गिऱ्हाईकही. चुंबकाला चिकटली म्हणजे स्टेनलेस नाही, असा समज आहे. भांड्यांच्या बाबतीत तो बराचसा चालतो, कात्रीच्या बाबतीत नाही. धार धरणारं स्टेनलेस पोलाद कडक करावं लागतं आणि ते चुंबकाला चिकटतंच. शस्त्रक्रियेच्या उत्तम कात्र्याही चिकटतात.

आता कड्या. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यावर कोणी बोलत नाही.

तीर्थनच्या खोऱ्यात माझ्या ओळखीचा एक तरुण आहे. उन्हाळ्यात पाहुण्यांना नदीवर नेतो आणि हिवाळ्यात माश्या बांधून विकतो. घरात त्या चार महिन्यांत येणारा तो एक रोख पैसा. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने मला फोन केला, म्हणाला, “भाईसाब, अंगठा सो गया है, उठता ही नहीं.” उजव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला संवेदनाच नव्हती, दोरा चिमटीत आहे की नाही ते कळत नव्हतं. त्याची कात्री मी पाहिली होती. भरतकामाची, सुंदर, बारीक टोकाची, आणि कड्या अशा की अंगठा पहिल्या पेरापर्यंत कसाबसा जाईल. बोटाच्या दोन्ही कडांनी नाजूक नसा जातात. धातूची अरुंद कडी तिथे दिवसातून शेकडो वेळा दाबली की नस तक्रार करणारच. डॉक्टरांनी काही आठवडे काम थांबवायला सांगितलं. म्हणजे सीझनच्या तोंडावर ऑर्डर परत करणं. कात्री बदलली, अंगठा हळूहळू जागा झाला, पण त्या वर्षीचे पैसे गेले ते गेलेच.

तेव्हा कड्यांची परीक्षा अशी करा. अनामिका कडीत घाला. ती दुसऱ्या पेरापर्यंत, न अडकता, जायला हवी. का, ते सांगतो. सराईत माणूस बांधताना कात्री खाली ठेवत नाही. हे पाहा, अनामिकेत एक कडी, कात्री तळहातात आडवी, पाती अंगठा आणि तर्जनीच्या मधून बाहेर. याच हातानं मी बॉबिन फिरवतोय, पीस धरतोय, दोरा गुंडाळतोय. कापायची वेळ आली की दुसरी कडी अंगठ्याच्या मुळाच्या गादीनं नुसती दाबायची, अंगठा आत घालायचाच नाही. एका माशीत आठ-दहा वेळा कापावं लागतं. एक डझन बांधल्या तर शंभराच्या आसपास वेळा कात्री शोधणं, उचलणं, ठेवणं वाचतं. आणि अंगठ्याची नस कडीच्या तावडीतूनच सुटते. सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटेल. दोन आठवडे द्या.

यातूनच लांबीचं उत्तर मिळतं. टोकापासून कडीपर्यंत साधारण चार इंच. मोठा हात असेल तर साडेचार. त्याहून लांब कात्री तळहातात मावत नाही, आणि साडेतीनच्या खाली गेलं की कड्या लहान होत जातात. फक्त मोठ्या माश्या बांधणाऱ्यांनी, जिताडा किंवा महसीरवाल्यांनी, पाच इंची घ्यायला हरकत नाही. त्यांच्या गळावर कापायला जागाच जागा असते.

डावखुऱ्यांसाठी एक गोष्ट. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात नीट कापत नाही, ती सवयीची बाब नाही. कात्री दाबताना अंगठा नकळत एका पात्याला बाहेर ढकलतो आणि बोटं दुसऱ्याला आत ओढतात. उजव्या हातात यामुळे पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की ती एकमेकांपासून फाकतात, मग पीस कापण्याऐवजी पात्यांमध्ये मुडपतं. शिवाय वरचं पातं कापायच्या जागेवरच आडवं येतं. डावखुरी कात्री मिळते, मागवावी लागते, पण मागवा. मुलाला शिकवत असाल तर आधी त्याचा हात कोणता ते बघा आणि मगच ‘तुझा हात स्थिर नाही’ म्हणा.

आता पातं साधं की दातेरी? बऱ्याच कात्र्यांच्या एका पात्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील इतके बारीक दाते असतात. नखानं हळूच चाचपलं तर कळतात. त्यांचं काम पकडून ठेवणं. हरणाचे केस, कृत्रिम तंतू, चमकी या गोष्टी गुळगुळीत पात्यावरून टोकाकडे निसटतात. दाते त्यांना जागेवर धरतात. परदेशी पुस्तकांत हरणाच्या केसांची फार वाखाणणी असते, कारण ते आतून पोकळ असतात आणि माशी तरंगते. आपल्याकडच्या हरणांचे केस मात्र वन्यजीव कायद्याखाली येतात, सापडले म्हणून उचलून आणू नका. परदेशातून येणारे, बिल असलेले वापरा, नाहीतर फोम वापरा. फोमही तरंगतो आणि त्याचं कोणाला पाप लागत नाही. बारीक माश्या, पिसं, दोरा एवढंच काम असेल तर साधं पातं मला जास्त आवडतं. त्याचा कट स्वच्छ येतो. एकच कात्री घेणार असाल तर एका बाजूला दाते असलेली घ्या.

वाकडी की सरळ? सरळ. वाकड्या पात्याची कात्री केसांचं गोल डोकं कातरायला छान, पण ती दुसरी किंवा तिसरी कात्री.

टंगस्टन कार्बाइडबद्दल नेहमी विचारलं जातं. पात्याच्या धारेवर या अतिशय कठीण धातूची पट्टी बसवतात. धार वर्षानुवर्षं टिकते. पण कठीण म्हणजे ठिसूळही. फरशीवर टोकावर पडली की टवका उडतो, आणि तो घरी दुरुस्त होत नाही. शस्त्रक्रियेच्या कात्र्यांत कार्बाइडची खूण म्हणून कड्यांना सोनेरी मुलामा देतात. सोनेरी रंग मात्र कोणीही चढवू शकतो, तेव्हा धारेवर वेगळ्या धातूची बारीक रेघ दिसते का ते भिंगातून पाहा. ज्यांच्या हातून वस्तू पडतात त्यांनी साधं स्टेनलेस घ्यावं. मी त्यांतलाच आहे.

आता कुठे घ्यायची. अमेरिकेच्या डॉक्टर स्लिक किंवा लून, जपानच्या टिएमको यांच्या कात्र्या चांगल्याच असतात. पण इथे पोचेपर्यंत टपाल आणि आयात शुल्क धरून किंमत दुप्पट होऊ शकते, आणि मुख्य म्हणजे त्या हातात घेऊन बघता येत नाहीत. कडीत बोट न घालता कात्री घेणं म्हणजे न घालून बघता चप्पल घेणं. त्यामुळे माझा सल्ला, आधी आपल्या गावातल्या शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानात जा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट, दिल्लीत भगीरथ पॅलेस, आणि जिथे मोठं सरकारी रुग्णालय आहे तिथे आसपास असं दुकान असतंच. ‘आयरिस सिझर, सरळ, दोन्ही टोकं अणकुचीदार’ असं मागा. ही मुळात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बनलेली, साडेचार इंचांच्या आसपासची कात्री. माशी बांधायलाच केल्यासारखी. दुकानदार विचारेल, “डॉक्टर आहात का?” मी सांगतो, माशीचा. टाके कापायची म्हणून एक कात्री दाखवतील, तिच्या एका पात्याला आकड्यासारखी खाच असते. ती नको. आणि काउंटरवर चार नग काढायला लावा. एकाच डब्यातल्या चार कात्र्यांत एकीचं टोक हमखास वाकडं निघतं.

दुसरं दुकान भरतकाम-शिवणाच्या साहित्याचं. तिथे टोकं सुंदर मिळतात. कड्यांचं काय ते मघाशी सांगितलंच.

आणि मेरठ. मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे म्हणतात, दादा लाए, पोता बरते. आजोबांनी आणायची, नातवानं वापरायची. ती शिंप्याची कात्री, माशीच्या नेढ्याजवळ तिचं काम नाही. पण कातड्याचे तुकडे, फोमचे ताव, जाड दोऱ्या यांसाठी टेबलाखाली एक मेरठची असू द्या, आणि बारीक कात्रीला त्यातून मोकळं करा.

कारण कात्र्या दोन हव्यातच. एक बारीक, जी फक्त पिसं आणि दोरा कापेल. एक रांगडी, जी तार, शिसं, प्लास्टिक, जाड देठ असं सगळं खाईल. तांब्याची बारीक तार तर खरं म्हणजे कापूच नका, धरून गोल गोल फिरवली की मुळाशी तुटते आणि टोकही उरत नाही. एखादं जाड देठ बारीक कात्रीनंच कापायची वेळ आली तर टोकानं कापू नका, खिळ्याजवळच्या भागानं कापा. जोर तिथे सगळ्यात जास्त असतो आणि तिथली धार आपल्याला एरवी लागतच नाही. दोरा कापताना मात्र उलट. तो ताणून धरा आणि उघडं पातं नुसतं टेकवा. ताणलेल्या दोऱ्याला धारेचा स्पर्श पुरतो, कात्री मिटायचीही गरज नाही. याचाच दुसरा अर्थ असा की कामाचा ताणलेला दोरा पात्याला चुकून जरी लागला तरी गेलाच. म्हणून कापण्याआधी बॉबिन डाव्या हातानं मागे ओढून घ्यायची सवय लावा.

देखभाल फार नाही. खिळ्यावर महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, आणि काम झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायची. माशीच्या डोक्याला लावायचं लॅकर पात्यावर वाळतं आणि मग कात्री चिकटत चालते. तिला धार गेली असं समजून लोक टाकून देतात. कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून पुसा, नव्यासारखी होते. ॲल्युमिनियमची फॉइल कापून धार येते असं सांगतात. येत नाही. फार तर धारेवरची बारीक कुसळं जातात. आणि गल्लीत चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याच्या हातात ही कात्री देऊ नका. तो आपल्या कामात तरबेज असतो, पण त्याचं चाक सुरीसाठी आहे. पहिल्याच फेऱ्यात ते निमुळतं टोक जातं, आणि आपण पैसे दिले होते त्या टोकाचे. टोक गेलेल्या कात्रीला रांगड्या कात्रीची जागा द्या.

एक शेवटचं. कात्री घरी आणल्याच्या दिवशीच तिच्या एका कडीला लाल दोरा गुंडाळा, घट्ट, दहा-बारा वेढे, आणि वर लॅकरचा थेंब. माशी बांधायचा सरावही होतो. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, लाल दोऱ्याची कात्री दुधाची पिशवी फोडायला नाही. माझ्याकडे हे एका महिन्यात मान्य झालं. सेलोटेपच्या बाबतीत वाटाघाटी अजून चालू आहेत.